दशांश सर्व्हरचे जहागीरदार

‘आमचा सर्व्हर’ म्हणताना संगणकवाल्याची मान किती वर जाते, हे मला माझ्याच मानेवरून चांगलं ठाऊक आहे. अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या गांधी रोडवर पानठेल्याशी उभं राहून ‘आज रात्री सर्व्हरवर बसायचं आहे’ असं नुसतं पुटपुटलं, की शेजारचा अदबीनं सरकतो. त्याच्या डोळ्यांपुढे गारठलेली खोली, लुकलुकणारे दिवे आणि त्यांच्या मधोमध बसलेला मी असं चित्र असतं. ते चित्र मोडायची मला कधीच घाई नसते. खरं पाहता माझ्या हाती असतं ते सर्व्हरचं एक पार्टिशन. म्हणजे एका मोठ्या यंत्रातून सॉफ्टवेअरनं कापून दिलेला तुकडा, आणि तो केवढा हेही बहुधा मी पाहिलेलं नसतं. माझं म्हणणं असं की ते पाहावं. पार्टिशन ज्याच्या वाट्याला आलं, त्यानं त्याचं कॉन्फिगरेशन आणि त्याखालचं हार्डवेअर उघडून पाहणं हे त्याचं पहिलं काम आहे, आणि ते त्याला पाहू देणं हे वरच्याचं. वऱ्हाडातल्या माणसानं तर हे कुणी सांगायची वाट पाहू नये. का, ते पुढे येईल.

आयबीएमच्या पॉवर यंत्रावर एआयएक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालत असेल तर ‘एलपारस्टॅट’ या कमांडला ‘आय’चा पर्याय जोडून एण्टर दाबायचं. पडद्यावर एक लांबलचक यादी उतरते. आधी पार्टिशनचं नाव, मग नंबर, मग प्रकार: शेअर्ड. म्हणजे प्रोसेसर सामाईक, इथेच मान पहिल्यांदा हलते. पुढे एन्टायटल्ड कपॅसिटी: 0.10. म्हणजे हक्काचा वाटा एका प्रोसेसरचा दहावा हिस्सा. 2004 साली पॉवर-5 आला तेव्हापासून आयबीएमनं प्रोसेसरचे असे दशांश पाडायला सुरुवात केली, आणि 2012 च्या पॉवर-7 प्लसनं विसावा हिस्साही चालवून घेतला. दशांशाचा हिशेब अगदी रोकडा आहे. दर 10 मिलिसेकंदांतला 1 मिलिसेकंद प्रोसेसर तुमचा, उरलेले 9 तुम्ही हात बांधून बसायचं. पण गंमत यापुढे आहे. त्याच यादीत व्हर्च्युअल प्रोसेसर 1 दिसतो, आणि एकाच वेळी चार धागे चालवायची सोय सुरू असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम त्याचेच चार प्रोसेसर मोजून दाखवते. वाटा दशांशाचा आणि देखावा चौघांचा! लग्नपत्रिकेवर माझ्या नावापुढे काय छापायचं, याचा सल्ला मी या यंत्राकडूनच घेणार आहे.

डिस्कचंही तेच. ‘पीआरटीकॉन्फ’ कमांड यंत्राचं मॉडेल, सिरियल नंबर, मेमरी आणि जोडलेल्या उपकरणांची यादी देते. त्या यादीत बऱ्याचदा खरी डिस्क नसतेच, असतो तो व्हर्च्युअल अडॅप्टर. खरी डिस्क दुसऱ्याच एका पार्टिशनच्या ताब्यात असते आणि ते आपल्याला पाइपातून पाणी सोडावं तशी डिस्क सोडतं. म्हणून कॉन्फिगरेशन पाहणं आणि हार्डवेअर पाहणं ही दोन कामं आहेत. शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. सातबारा काढला की क्षेत्र कळतं, पोटखराबा कळतो, इतर हक्कात कुणाचा बोजा बसलाय तेही कळतं. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला, 15 रुपयांत. पण धुऱ्यावरून भांडण लागलं तर 15 रुपयांचा कागद पुरत नाही, मोजणी आणावी लागते. कागदावरचं क्षेत्र हे कॉन्फिगरेशन आणि हद्दीच्या खुणा हे हार्डवेअर. दोन्ही जुळतात का, ते स्वतः धुऱ्यावर उभं राहून पाहायचं असतं. जमिनीच्या बाबतीत जो माणूस इतका चोख, तो सर्व्हरच्या बाबतीत ‘दिलं ना त्यांनी, मग असंल’ म्हणून गप्प बसतो.

आता वऱ्हाडाचं. वाचकांनी मला थोडं सैल सोडावं, कारण हा माझा लाडका विषय आहे. माझ्या मते हिंदुस्थानातलं सर्वांत जुनं लॉजिकल पार्टिशन म्हणजे वऱ्हाड. आधी दोअमल होता. एकाच मुलखावर निजामाचाही अंमल आणि नागपूरकर भोसल्यांचाही, महसुलात दोघांचा वाटा. एका यंत्राला दोन अॅडमिनिस्ट्रेटर असले की काय होतं हे ज्यांनी भोगलंय, त्यांना रयतेची हालत वेगळी सांगायला नको. मग 1853 साल आलं. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च निजामाकडे थकला होता, म्हणून कंपनी सरकारनं वऱ्हाड आपल्या कारभारात घेतलं. मालक निजाम, चालक इंग्रज. सरकारी नावसुद्धा ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’, म्हणजे असाइन हा शब्दही आयबीएमच्या आधी आमच्याकडे पोचलेला. या पार्टिशनचे इंग्रजांनी पुन्हा दोन तुकडे केले. पूर्व वऱ्हाडाचं ठाणं अमरावती, पश्चिम वऱ्हाडाचं अकोला. दोन्ही गावांमधली चुरस तेव्हापासूनची असावी, असा माझा संशय आहे. पुरावा विचारू नये.

1902 साली लॉर्ड कर्झननं हा कारभार सालीना 25 लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं लिहून घेतला आणि निजामाला जी.सी.बी. हा किताब मिळाला. त्या अक्षरांची फोड लोकांनी ‘गेव्ह कर्झन बेरार’ अशी केली; बेरार म्हणजे वऱ्हाडच. लगोलग वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं गेलं. 1905 मध्ये एलिचपूर जिल्हा अमरावतीत जिरवला आणि वाशिम अकोला-यवतमाळात वाटून टाकला. चालू यंत्रात मेमरी कमीजास्त करायची सोय पॉवरवर यायला त्यानंतर जवळजवळ शतक जावं लागलं. 1936 च्या करारात निजामाची मालकी पुन्हा मान्य झाली आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणायचं ठरलं. हे राजपुत्र बेरारमध्ये कारभार काही करत नव्हते. तरी त्यांच्यावर हसायचा अधिकार मला नाही, माझ्या ‘सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर’ या पदाचं वजनही तेवढंच आहे. पुढे 1950 मध्ये मध्यप्रदेश, 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य, 1960 मध्ये महाराष्ट्र. माणूस मूर्तिजापुरात आपल्या ओसरीवर बसलेला, कापूस तोच, पऱ्हाटी तीच, आणि खालची फ्रेम तीनदा बदलली. चालतं पार्टिशन बंद न करता एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवायची करामत आयबीएमनं 2007 मध्ये पॉवर-6 बरोबर आणली तेव्हा जगानं टाळ्या वाजवल्या. वऱ्हाडानं त्या वाजवायचं काहीच कारण नव्हतं.

या थट्टेच्या तळाशी एक गोष्ट आहे, तिथे मला हसू येत नाही. पार्टिशन हलवताना त्याचा हक्काचा वाटा लिहून ठेवावा लागतो, आणि तसा तो लिहिलेलाही होता. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल असं नमूद झालं. हे झालं कॉन्फिगरेशन. प्रत्यक्षात काय मिळालं ते पाहायला राज्यानं 1983 मध्ये वि. म. दांडेकरांची सत्यशोधन समिती नेमली, आणि 1984 च्या अहवालात अनुशेष आकड्यांत उतरला. म्हणजे ‘एलपारस्टॅट’ चालवायला तीस वर्षं लागली. तो चालवल्यावरही सिंचनाचा अनुशेष अमरावती, अकोला, वाशिम, बुलडाणा या जिल्ह्यांत रेंगाळत राहिला. विदर्भाचं वैधानिक विकास मंडळ 1994 मध्ये आलं, एप्रिल 2020 मध्ये त्याची मुदत संपली. हार्डवेअरची कथा आणखी निराळी. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाण्यातून खारपाणपट्टा पसरला आहे. तिथल्या विहिरीला पाणी आहे, पण ते पिकाला देता येत नाही. यादीत ‘विहीर: 1’ असं लिहिलं तर ते खोटं नाही, आणि त्या विहिरीचा घोट घेऊन पाहिल्याशिवाय ते खरंही नाही. माझा सगळा हट्ट या घोटासाठी आहे.

यावर जाणते लोक म्हणतात, अहो, पार्टिशनची सारी रचनाच अशी की एकाला दुसऱ्याचं दिसू नये. दिसलं तर सुरक्षितता राहील का? प्रश्न रास्त आहे. शेजाऱ्याच्या मेमरीत डोकावण्याची मुभा मी मागत नाही. पण आपला वाटा किती, त्यातला वापर किती आणि सामाईक साठ्यात रिकामं किती पडलंय, एवढं कळलं म्हणून कुणाचं कुलूप तुटत नाही. एचपीच्या सुपरडोम यंत्रांवर ‘पारस्टेटस’ म्हणून कमांड होती. एका पार्टिशनमध्ये बसून ती चालवली तरी सगळ्या यंत्रातले सेल, म्हणजे प्रोसेसर-मेमरीचे बोर्ड, आणि कुठला सेल कुणाला दिला आहे, हे दिसे. बदल करण्यावर बंधन घालता येई, ते वेगळं. पाहायला मोकळीक आणि हात लावायला अटकाव, ही वाट यंत्र बनवणाऱ्यांनी केव्हाच काढली आहे. आयबीएमकडे मात्र एक चौकोन आहे. पार्टिशनच्या गुणधर्मांत, वर बसलेल्या कन्सोलवर, ‘कामगिरीची माहिती गोळा करू द्या’ अशा अर्थाच्या त्या चौकोनात कुणी खूण केली नाही, तर सामाईक साठ्यात किती प्रोसेसर मोकळे आहेत तो रकानाच खालच्याला दिसत नाही. गोदाम भरलेलं की रिकामं हे कळण्यासाठीसुद्धा वरून एक टिचकी लागते.

दुसरा आक्षेप असा, की पाहून होणार काय? दशांशाचे दोन दशांश थोडेच होणार? नाहीत होणार. पण आज दुखणं कुठे आहे तेच कळत नाही. खरीप पीक विम्याची मुदत बहुतेक वर्षी 31 जुलैला संपते आणि त्या आठवड्यात वऱ्हाडातल्या सेवा केंद्रांवर एकच वाक्य ऐकू येतं: ‘बसा भाऊ, सर्वर डाऊन हाय.’ रेशनच्या मशीनपाशी तेच, दाखल्याच्या खिडकीशी तेच. हे वाक्य पाऊस-पाण्यासारखं बोललं जातं, त्याला कर्ता नसतो. मजुरी पाडून आलेली बाई भिंतीला टेकून बसते. काउंटरमागचा पोरगा पुन्हापुन्हा रिफ्रेश करतो, शिव्या तोच खातो, आणि त्याच्या हाती तर दशांशही नाही, फक्त एक ब्राउझर आहे. त्या पोराची मला खरोखर कणव येते. सर्व्हर डाऊन म्हणजे नेमकं काय? बंद पडला, की वाटा संपला, की जाळं तुटलं, की वाटाच मुळात जानेवारीच्या गर्दीचा धरून जुलै अंगावर घेतला? या चारांवर चार निराळे उपाय आहेत, आणि यादी पाहिल्याशिवाय यातला कुठला लागू आहे ते कुणालाच सांगता येणार नाही. लिनक्सच्या ‘टॉप’ कमांडमध्ये तर एक रकाना खास यासाठीच आहे. आपल्याला काम करायचं होतं, पण यंत्राचे वाटे पाडणाऱ्या हायपरव्हायझरनं तो वेळ दुसऱ्याला दिला, त्याची टक्केवारी तिथे येते. रकान्याला नाव दिलंय ‘स्टील’, म्हणजे चोरी. चोरी झाली तर तिची नोंद दर तीन सेकंदांनी ताजी करून चारचौघांत मांडणारं दुसरं खातं माझ्या पाहण्यात नाही.

उरला शेवटचा आक्षेप: लोकांना यातलं कळणार नाही. इथे माझा आवाज चढतो. ज्या माणसाला आठ-अ, पोटखराबा, आणेवारी, भोगवटादार वर्ग दोन आणि सामाईक खात्यातला आपला आणे-पै वाटा तोंडपाठ आहे, त्याला एन्टायटल्ड कपॅसिटी कळणार नाही असं समजणं हा आम्हा संगणकवाल्यांचा निव्वळ तोरा आहे. केंद्राच्या भिंतीवर दाखल्यांच्या दरांचा फलक असतोच, त्याखाली तीन आकडे लावा: हक्काचा वाटा, आत्ताचा वापर, साठ्यातली शिल्लक. लोक आपोआप हिशेब मांडू लागतील. मला धास्ती आहे ती ‘एलपारस्टॅट’च्या यादीतल्या मोडच्या ओळीची. तिथे ‘अनकॅप्ड’ असं लिहून येतं, म्हणजे साठ्यात शिल्लक असेल तर वाट्यापेक्षा जास्तही मिळू शकतं. मात्र शिल्लक थोडी आणि मागणारे अनेक असले, की प्रत्येक पार्टिशनला दिलेल्या वजनाप्रमाणे ती वाटली जाते. वजन 0 ते 255, सांगितलं नाही तर 128, आणि 0 असेल तर अनकॅप्ड असूनही जास्तीचं काहीच नाही. हे सगळं मी समजावून सांगेन, आणि मागच्या बाकावरचे बाप्पा धोतराचा सोगा सावरत विचारतील: ‘म्हंजे इथंबी वजन ठेवल्याबिगर काम होत नाई म्हना की! आपल्या वऱ्हाडाचं किती ठेवलं हो त्यायनं?’