झाकण लावू नका!

सोसायटी म्हटली की काही माणसं ठरलेली असतात. पाण्याच्या टाकीची चावी कुणाकडे आहे हे ठाऊक असलेला एक, वार्षिक सभेत मागच्या वर्षीचं इतिवृत्त वाचूनच घ्या म्हणून अडून बसणारा एक, दुसऱ्याचा एक्स-रे खिडकीशी धरून मत देणारा एक. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या यादीत लिनक्सवाल्याची भर पडली आहे. सोसायटीत तो एकच असावा. दोन झाले की त्यातला एक उबुंटूचा निघतो आणि दुसरा आर्चचा, आणि मग जिन्यात समोरासमोर आले तरी दोघं फक्त नळाला पाणी किती वाजता आलं एवढंच बोलतात.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीत हे पद लिनक्सकाकांकडे आहे. अभियांत्रिकी कॉलेजातून निवृत्त झालेले. आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण कुरिअरवाला सोडला तर ते कुणी वापरत नाही. काकांना ओळखायची खूण म्हणजे त्यांच्या लॅपटॉपचं झाकण कधी मिटलेलं नसतं. खाली कुणाकडे जायचं असलं की उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर आरतीच्या तबकासारखा धरून ते जिना उतरतात. रिक्षाने जायचं असेल तर झाकणाच्या फटीत धुतलेल्या मोज्यांची गुंडाळी. झाकण मिटल्याचं लॅपटॉपला आतल्या चुंबकामुळे कळतं, तेव्हा चार बोटांची फट राहिली की त्याला पत्ता लागत नाही. हे काकांनीच सांगितलं, मोजे काढून दाखवत.

घरातही तोच कायदा. मागे काकूंचा भाचा राहायला आला होता. चांगल्या वळणाचा मुलगा. रात्री दिवा मालवताना त्याने टेबलावरचा उघडा लॅपटॉप बघितला आणि हात पुढे केला. स्वयंपाकघरातून काकू आणि न्हाणीघरातून काका एकदमच ओरडले, ‘झाकण लावू नको!’ भाच्याने हात मागे घेतला तो असा, की त्यानंतर त्या घरात डब्याचं झाकणसुद्धा तो विचारून लावत असे.

रोग तसा साधा आहे. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो. उघडलं की पंखा फिरतो, कळांखालचे दिवे लागतात, स्क्रीन मात्र काळी ठिक्कर. कुठलीही कळ दाबा, काही होत नाही. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि सेव्ह न केलेल्या कामाला तिलांजली द्यायची. तुम्हीआम्ही याला ‘हँग झाला’ म्हणतो. काकांसमोर हा शब्द काढायची सोय नाही. ‘हँग म्हणजे नेमकं काय? कर्नल गेला की नुसता डिस्प्ले गेला? कॅप्स लॉक दाबून पाहिलंस?’ कॅप्स लॉकचा दिवा लागत-विझत असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, शाबूत आहे, आणि गडबड बहुधा ग्राफिक्सची. दिवा ढिम्म असेल तर खेळ खलास. आपोआप लुकलुकू लागला तर कर्नलने स्वतःच हाय खाल्ली. या परीक्षेवर काकांचा इतका विश्वास की काकूंचा मिक्सर अडला तेव्हाही त्यांनी आधी त्याच्यावर कुठला दिवा आहे का ते पाहिलं.

काकांना लिनक्स लागलं ते फुकट सीडीमुळे. उबुंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली, आणि पुढे कित्येक वर्षं कंपनी मागेल त्याला घरपोच सीडी पाठवत असे, टपालखर्चही न घेता. २०११ मध्ये ते बंद झालं. तोवर काकांनी इतक्या मागवल्या की विद्यार्थ्यांना वाटून उरलेल्या सीड्या एका संक्रांतीला काकूंनी वाण म्हणून लुटल्या. अजूनही एखाद्या घरी त्या गॅलरीत दोऱ्याला टांगलेल्या दिसतात, कबुतरं येऊ नयेत म्हणून. काका त्या बघतात आणि मान फिरवतात.

गणपतीच्या वर्गणीला आलेली मंडळाची पोरं पावतीपुस्तक मांडीवर घेऊन काकांच्या सोफ्यावर अर्धा तास बसतात, ती प्रसादासाठी नव्हे. कुणीतरी भाबडेपणाने ‘काका, लॅपटॉप सुरूच ठेवलाय?’ असं विचारलेलं असतं. मग १९९६ सालचा डिसेंबर सुरू होतो. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तिघांनी मिळून एसीपीआय नावाचं मानक काढलं, संगणकाने कसं जागायचं आणि कसं झोपायचं याचं. त्यातली एस-थ्री ही खरी झोप. मेमरीला थेंबभर वीज चालू, बाकी सगळं घर अंधारात. उठताना आधी फर्मवेअर उठतं, मग प्रोसेसर, मग कर्नल, आणि कर्नल एकेका ड्रायव्हरला हाक मारत सुटतो. ग्राफिक्स, वाय-फाय, डिस्क, टचपॅड. सगळ्यांनी ओ द्यावी लागते. एकाने दिली नाही की बाकीचे तिथेच उभे. पोरं माना डोलावतात. मंडळाची मीटिंग त्यांनी पाहिलेली असते.

‘आणि आता नवीन लॅपटॉपात तर एस-थ्रीच काढून टाकलंय!’ इथे काकांचा आवाज चढतो. नव्या पद्धतीत यंत्र खरं झोपत नाही, नुसतं पडून राहतं, मोबाइलसारखं. लिनक्समध्ये ती एस-टू-आयडल. काकांचा लॅपटॉप संधिकालातला असल्यामुळे त्याच्यात दोन्ही आहेत. मेम-स्लीप नावाची एक इवलीशी फाइल, तिच्यात दोनच शब्द, आणि ज्याची पाळी चालू असेल त्याला चौकोनी कंस. काका तो कंस इकडून तिकडे हलवतात. ‘डीप’ केलं तर उठत नाही. एस-टू-आयडल ठेवलं तर उठतो, पण रात्रीत बॅटरी निम्मी खातो. ‘म्हणजे रात्रभर जागाच होता,’ असं काका म्हणतात, आणि त्या स्वरात जुनी कॉलेजची वसतिगृहं आठवतात. वर्गणी शेवटी काकू देतात.

त्यांच्या संसारातलं खरं गुपित मात्र त्यांनी मला गच्चीवर सांगितलं, आणि तेही पाण्याच्या टाकीआड. विंडोज या घरात वीस वर्षांत आलेलं नाही. काकूंच्या भिशीचा हिशेब लिबरऑफिसमध्ये, नातवाचा गृहपाठ लिनक्सवर. असं असताना लॅपटॉप सुरू होतो तेव्हा त्याचं फर्मवेअर विचारतं, ‘समोर कोण, विंडोज का?’ आणि लिनक्सचा कर्नल बेधडक ‘हो’ म्हणतो. अमुक सालचं विंडोज? हो. तमुक सालचं? तेही मीच. ‘लिनक्स का?’ असं विचारलं तर मात्र ‘नाही’! याला कारण आहे. कंपन्या आपलं फर्मवेअर विंडोजवर तपासून बाजारात आणतात. लिनक्ससाठी वेगळी वाट ठेवलेली असली तर ती बहुतेकदा न तपासलेली, खड्ड्यांचीच. तेव्हा खोटं बोलून डांबरी रस्त्याने जाणं शहाणपणाचं. ‘व्यवहार म्हणून बरोबर आहे,’ काका म्हणाले, ‘पण रोज सकाळी माझ्या घरात हे होतं. काकूला बोलू नकोस.’

काकूंना अर्थातच माहीत होतं.

दर रविवारी दुपारी काका तपासाला बसतात. मागच्या खेपेची नोंदवही उघडायची, शेवटची ओळ बघायची. ती नेहमीच ‘सस्पेंड एन्ट्री’, म्हणजे झोपायला गेला. पुढे कोरं. लिहिणाराच गेल्यावर पंचनामा कोण करणार? यावर कर्नलवाल्यांनी एक युक्ती करून ठेवली आहे, आणि तिच्यावर माझा जीव आहे. वीज तोडली की मेमरीतलं सगळं पुसलं जातं, पण लॅपटॉपच्या घड्याळाला स्वतंत्र आधार असतो, ते चालू राहतं. तेव्हा ‘पीएम-ट्रेस’ चालू केलं की कर्नल उठताना पायरीपायरीला आपली खूण त्या घड्याळातच कोरत जातो, तारीख आणि वेळ म्हणून. यंत्र अडकलं की बटण दाबून मारायचं, तीनेक मिनिटांच्या आत परत सुरू करायचं, आणि घड्याळात उरलेल्या आकड्यावरून शेवटी कोण बोलत होतं ते ताडायचं. उशीर केलात तर घड्याळ पुढे सरकतं आणि साक्ष फिरते.

तोटा एकच. घड्याळ भलतीच तारीख दाखवू लागतं. असं सहसा इंटरनेट जोडलं की आपोआप दुरुस्त होतं, पण काकांनी प्रयोगात लुडबूड नको म्हणून ते बंद करून ठेवलेलं. त्यातच एका रविवारी काकूंना विजेचं बिल भरायचं होतं, शेवटची तारीख. ब्राउझर म्हणे, साइटच्या सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नाही. काकूंनी चष्मा पुसून कोपऱ्यातली तारीख बघितली.

‘अहो, यात अजून आपलं लग्न व्हायचंय!’

‘हात लावू नकोस,’ काका आतून म्हणाले, ‘तो पुरावा आहे.’

बिल काकूंनी मोबाइलवरून भरलं. पुराव्यातून निघालं ते असं, की संशय ज्याच्यावर जातो अशी नावं चार, आणि त्यातलं एक टचपॅडचं. खुणा जुळतात त्या अंदाजाने, एका खुणेत अनेक बसू शकतात. त्या आठवड्यात काकांनी झोपण्याआधी वाय-फायला बाहेर काढणारी आणि उठल्यावर परत आत घेणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. पुढच्या आठवड्यात ब्लूटूथला. मग टचपॅडला. दर बदलानंतर झाकण लावायचं, काकांनी मोठ्याने दहा अंक मोजायचे, घरातल्या सगळ्यांनी श्वास धरायचा, आणि उघडायचं. या रोगाचा दुष्टपणा असा की तो दर वेळी येत नाही. सलग काही वेळा लॅपटॉप गोड उठतो. काका काकूंना चहा टाकायला सांगतात. आधण येईपर्यंत परत काळोख.

मग काकांनी मोजणीचं काम यंत्रालाच दिलं. लॅपटॉपला ठरावीक सेकंदांनी घड्याळाकडून उठवणारी एक कमांड आहे, ती रात्री लावून दिली. बेडरूमच्या कोपऱ्यात तो झोपायचा, मिनिटाने उठायचा, छतावर निळा उजेड पडायचा, परत झोपायचा. काका त्याच्याकडे तोंड करून, वही घेऊन जागे. पहाटे कधीतरी काकू एवढंच म्हणाल्या, ‘पोरगं तान्हं होतं तेव्हा एकदा उठला नाहीत.’

ते पोरगं आता बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्येच आहे. त्याने फोनवर सुचवलं, ‘बाबा, सरळ शट डाउन करत जा ना. एसएसडी आहे, पंधरा सेकंदांत सुरू होतो.’ पुढचा आठवडाभर काकांनी त्याचा फोन काकूंकडे दिला. झाकण मिटलं तरी काही करू नकोस, असं सेटिंगही एका ओळीचं काम आहे. ते काकांना पाठ आहे, पण ती माघार. ‘चालतंय ना, मग झालं’ हे वाक्य त्यांच्या लेखी असभ्य आहे. मला विचाराल तर या लोकांना आपण चुकीचं ओळखतो. आपल्याला वाटतं त्यांना चालू लॅपटॉप हवाय. तो त्यांच्याकडे दुसरा असतो. त्यांना हवा असतो तो जाब. बिघाड आणि कारण यांच्या मधली जागा रिकामी राहिली की यांना अन्न गोड लागत नाही, आणि ती भरायला हाताशी उघडा कोड असल्यामुळे यांची सुटका नाही. आपला बिघाड बंद डब्यातला असतो, म्हणून आपण दुकानात देऊन मोकळे होतो.

लिनक्सची थोरवी सांगताना काका हमखास म्हणतात, की जगातले पहिले पाचशे महासंगणक २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. यावर काकूंचं उत्तर ठरलेलं आहे. ‘ते झोपतात का कधी?’ मग काका विषय बदलतात. २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात खुद्द लिनस टोरवाल्ड्सनी एका ग्राफिक्स कंपनीला कॅमेऱ्यासमोर मधलं बोट कसं दाखवलं, ते सांगू लागतात. बोट मात्र स्वतः दाखवत नाहीत, तर्जनीने भागवतात.

आणि मग एक दिवस, काहीही न करता, लॅपटॉप बरा झाला. नेहमीच्या अपडेटबरोबर नवा कर्नल आला आणि झाकण लावा, उघडा, लावा, उघडा, दर वेळी उठायला लागला. काकूंनी त्याच संध्याकाळी तो मिटला, पुसला, आणि वर क्रोशाचा रुमाल घातला. सोसायटीत बातमी पसरली. मी अभिनंदन करायला गेलो तर काका आरामखुर्चीत, न्याहारी तशीच.

‘बरा झाला म्हणजे काय? कशानं झाला?’

कर्नलची आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि एकेकीत दहा हजारांच्या वर बदल असतात. त्यातल्या नेमक्या कुठल्या बदलाने हा उठला ते शोधायचं, तर जुन्या आणि नव्या आवृत्तीच्या बरोबर मधला कर्नल बनवायचा, लॅपटॉप झोपवायचा, उठतो का पाहायचं, उरलेल्याचे परत दोन भाग करायचे. चौदाएक फेऱ्यांत एकच बदल हाती उरतो. फेरीला कर्नल घडवायला काकांच्या लॅपटॉपला दुपारची झोप जाईल एवढा वेळ. रुमाल परत कपाटात गेला. मोजे बाहेर आले.

परवा सकाळी सातला बेल वाजली. दारात काका, हातात पेढ्यांचा पुडा, चेहरा उजळलेला.

‘काय काका, उठला?’

‘छे रे! मेला! सातव्या फेरीत साफ मेला! म्हणजे दुरुस्ती पुढच्या अर्ध्यात आहे, घे, दोन घे.’

वरच्या मजल्यावरून काकूंचा आवाज आला, ‘अहो, सगळे वाटून टाकू नका. अजून सात फेऱ्या आहेत!’