तारेचं भाडं

वीजबिल हातात आलं की माणूस आधी आकडा बघतो, मग शेवटची तारीख बघतो आणि मग घरात ज्यांनी एसी लावला असेल त्यांच्याकडे बघतो. मधल्या रकान्यांच्या वाटेला कुणी जात नाही. तिथं स्थिर आकार असतो, वीज आकार असतो, इंधन समायोजन असतं आणि त्यांच्यात अंग चोरून बसलेला 'वहन आकार' असतो. महावितरणच्या घरगुती ग्राहकाला 2023-24 मध्ये तो युनिटमागे 1 रुपया 17 पैसे पडत होता. चंद्रपुरातून वीज आणायची तर वाहतूक खर्च येणारच, असं म्हणून आपण पैसे भरतो आणि मोकळे होतो.

पण चंद्रपूरपासूनची वाहतूक त्यात नाहीच. उसाच्या फडांवरून, घाटांच्या माथ्यांवरून जाणारे ते उंच मनोरे दिसतात ना, त्यांचं भाडं वहन आकारात धरलेलं नसतं. वहन आकार गल्लीतल्या तारांचा, कोपऱ्यावरच्या डीपीचा, फार तर 33 केव्हीपर्यंतच्या जाळ्याचा. मनोऱ्यांचं, म्हणजे पारेषणाचं भाडं 'वीज आकारा'च्या पोटात घातलेलं असतं, तिथं ते स्वतःच्या नावानं दिसत नाही. आणि या सगळ्या बेरजेवर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे हमालीवरही कर.

हे पोटातलं भाडं ठरतं कसं, ते बघण्यासारखं आहे. राज्यातल्या सगळ्या पारेषण कंपन्यांचा वर्षाचा मंजूर खर्च वीज नियामक आयोग एका ढिगात टाकतो. महापारेषण त्यात सगळ्यात मोठी, पण टाटा, अदानी आणि इतरांच्या वाहिन्याही त्याच ढिगात. मग तो ढीग महावितरण, बेस्ट, मुंबईतल्या खासगी वितरण कंपन्या, रेल्वे वगैरे मंडळींत वाटायचा. वाटणीचं सूत्र असं: सगळ्या राज्याची मागणी शिगेला पोचते तेव्हा तुमची मागणी किती, आणि तुमची स्वतःची शिगेला पोचते तेव्हा किती, या दोहोंची सरासरी. खारघर-विक्रोळी वाहिनी वर्षानुवर्षं कागदावर होती. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि मग सगळ्यांना एकदम घाई सुटली. 2023 मध्ये ती वाहिनी सुरू झाली आणि तिचा खर्च त्याच ढिगात आला. म्हणजे विक्रोळीच्या तारेचा चिमूटभर भार जतच्या पिठाच्या गिरणीवरही. जतच्या मनोऱ्याचे पैसे मलबार हिलही भरते, तेव्हा यावर कुणी लगेच मोर्चा काढू नये.

इथपर्यंतचा मामला घरातल्या घरात. राज्याची वेस ओलांडली की खरी मजा सुरू होते.

राज्यांच्या सीमेवर विजेची मोजणी कशी होते ते ऐकलं तर ग्रीडच्या इंजिनिअरांना साष्टांग दंडवत घालावासा वाटतो. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे. प्रत्येक तुकड्याला ब्लॉक म्हणतात. उपकेंद्रात बसवलेला खास मीटर प्रत्येक ब्लॉकमध्ये किती वीज गेली आणि सरासरी वारंवारता किती होती, हे टिपून ठेवतो. आठवडा सोमवारी सुरू होतो, रविवारच्या मध्यरात्री संपतो. आठवड्याचे 672 ब्लॉक झाले की त्या नोंदी अंधेरीच्या पश्चिम विभागीय भार प्रेषण केंद्राकडे जातात. मागितली किती, ओढली किती, दिली किती, सगळं मिनिटामिनिटाला चोख. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्तही इतका काटेकोर पाळत नाहीत.

मोजणी चोख आहे, यात वादच नाही. घोडं पेंड खातं ते पैशापाशी.

आंतरराज्य वाहिन्यांचं भाडं 2011 पर्यंत ज्या पद्धतीनं आकारत, तिला खरोखरच 'टपाल तिकीट पद्धत' म्हणत. पत्र शेजारच्या आळीत टाका नाहीतर शेजारच्या राज्यात, तिकीट तेवढंच. जुलै 2011 पासून अंतर आणि दिशा बघणारी पद्धत आली. ती इतकी गहन निघाली की बिल आलेल्या राज्याला आपल्यालाच इतकं का आलं, हे कळेना. नोव्हेंबर 2020 पासून तिसरी पद्धत लागू आहे. तीत काही हिस्सा देशभराचा, काही विभागाचा, काही ट्रान्सफॉर्मरचा आणि काही प्रत्यक्ष वापराचा. बराचसा भार तुम्ही किती क्षमता राखून ठेवलीत त्यावर पडतो. प्रत्यक्ष वापराचा हिस्सा मात्र महिन्यातल्या एकाच ब्लॉकवरून काढतात. सगळ्या राज्यांनी मिळून आंतरराज्य जाळ्यातून सर्वांत जास्त वीज ओढली, ती पंधरा मिनिटं. तीस दिवसांत 2880 ब्लॉक; त्यातला एक पकडायचा आणि त्यावरून हिशेब करायचा. बाकीचे 2879 ब्लॉक तुम्ही उपाशी राहिलात की पंगत उठवलीत, या हिस्स्यापुरतं कुणाला घेणं-देणं नाही. यामागे तर्क आहे, कारण वाहिन्या उभारायच्या त्या गर्दीच्या वेळेसाठीच. पण हा तर्क आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मांडून बघा. 'वर्षातून एकदा पाहुणे आले त्या दिवशीचं पाणी मोजून मेंटेनन्स लावू' म्हणणाऱ्या सेक्रेटरीला पुढच्या निवडणुकीत अर्जही भरता यायचा नाही.

पुढं बिलं. पहिलं बिल, दुसरं बिल, तिसरं बिल. ही टोपणनावं नाहीत, व्यवहारात तीच चालतात. पहिलं नेहमीचं, दुसरं खास प्रकरणांचं आणि तिसरं मागच्या दुरुस्त्यांचं. कुठल्या तरी जुन्या वाहिनीचा दर केंद्रीय वीज नियामक आयोगानं नंतर बदलून ठरवला की त्याचा फरक तिसऱ्या बिलातून उगवतो. मोजणी पंधरा मिनिटांची, पण महिन्याचं बिल हातात पडतं दोन महिन्यांनी. भाद्रपदात गणपतीच्या रोषणाईला वापरलेल्या तारेचं भाडं कार्तिकात, दिवाळीच्या आगेमागे.

ही बिलं काढते सेंट्रल ट्रान्समिशन युटिलिटी. पूर्वी हे काम पॉवरग्रिडच करत असे. देशातल्या बहुतेक आंतरराज्य वाहिन्या पॉवरग्रिडच्याच. इतर कंपन्याही आता वाहिन्या बांधू लागल्या, तेव्हा त्यांच्या पैशाचा हिशेब प्रतिस्पर्ध्यानंच का ठेवावा, असा प्रश्न निघाला. म्हणून 1 एप्रिल 2021 पासून वेगळी कंपनी सुरू झाली. वेगळी म्हणजे पॉवरग्रिडचीच पोटकंपनी. नियम आयोगाचे असतात, हिशेब तपासले जातात, सगळं रीतसर आहे. फक्त सुनेनं सासूचं घर सोडून माळ्यावरच्या खोलीत बिऱ्हाड केलंय, इतकंच.

वसुलीचं तत्त्व मात्र आपल्या आयाबहिणींना समजावून सांगावं लागणार नाही. ही सरळ भिशी आहे. सगळ्यांनी एका पेटीत पैसे टाकायचे, पेटीतून सगळ्या वाहिनीवाल्यांना वाटायचे. एकानं हात आखडला तर तूट सगळ्यांच्या वाट्याला प्रमाणात येते. फरक एवढाच की भिशीत पैसे बुडवणाऱ्या बाईला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. इथं तिला हप्ते बांधून देतात.

त्याची गोष्ट सांगायची तर आधी दंडाची गोष्ट सांगावी लागेल. कुणी ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली की सगळ्या ग्रीडची वारंवारता 50 हर्ट्झच्या खाली घसरते. त्याला आळा घालायला 1 जुलै 2002 ला एक झकास व्यवस्था सुरू झाली, आणि तीही सगळ्यात आधी आपल्या पश्चिम विभागात. नियम साधा: वारंवारता घसरली की ठरल्याबाहेरच्या विजेचा दर चढणार, वारंवारता चढली की दर उतरणार. हपापलेल्याला चटका आणि संयमी माणसाला बक्षीस. कागदावर इतकं सुंदर की ज्याला सुचलं त्याचा सत्कार करावा. पण काही राज्यांनी हे औषधच खुराक म्हणून घ्यायला सुरुवात केली. बाजारातून वीज विकत घेण्यापेक्षा बिनबोभाट जास्त ओढून दंड भरणं स्वस्त पडतं, हे गणित त्यांनी लगेच जमवलं. आणि दंड भरायचा तो वेळेवरच भरावा, असा हट्ट कुणाचा नव्हता. 30 आणि 31 जुलै 2012 ला उत्तरेचं आणि मग पूर्वेचं, ईशान्येचं ग्रीड कोसळलं. दुसऱ्या दिवशी सुमारे 60 कोटी लोकांच्या घरची वीज गेली. कारणं बरीच निघाली. जास्तीची ओढ हे त्यातलं एक. पश्चिम विभाग त्यातून बचावला. त्यानंतर त्या दंडाचं नाव बदललं आणि 2014, 2022, 2024 असे तीनदा नवे नियम आले. नियम करण्यात आपला हात कुणी धरणार नाही.

आता ऑगस्ट 2022. तोवर वितरण कंपन्यांची वीज कंपन्यांकडची थकबाकी सुमारे 1.4 लाख कोटींवर गेली होती. जून 2022 मध्ये केंद्रानं नियम केले, त्यात पारेषणाचे पैसेही आले. वेळेवर पैसे न देणाऱ्याला आधी वीज बाजारातून खरेदी बंद. आणि 18 ऑगस्टला खरंच चिठ्ठी निघाली. 13 राज्यांतल्या 27 वितरण कंपन्यांना दुसऱ्या दिवसापासून बाजारात पाऊल ठेवायला बंदी. महाराष्ट्राचंही नाव होतं, सुमारे 380 कोटींपुढं. एकच गहजब झाला. 'आम्ही तर पैसे भरलेत, पोर्टलवर नोंद झाली नाही,' असं काही राज्यांनी सांगितलं. त्या पोर्टलचं नाव 'प्राप्ती'. पंधरा मिनिटांत किती वीज गेली हे दशांशापर्यंत सांगणाऱ्या यंत्रणेला कोट्यवधी रुपये खात्यात आले की नाही, हे सांगता येईना. पुढच्या काही दिवसांत एकेकाचं नाव यादीतून उतरत गेलं.

जुन्या थकबाकीचं काय? तिच्यासाठी त्याच नियमांत सोय होती. जास्तीत जास्त 48 मासिक हप्ते. हप्ते वेळेवर भरले तर 3 जून 2022 पासून जुन्या रकमेवर पुढचा दंड चढणार नाही. या सवलतीमुळं बऱ्याच कंपन्यांनी खरोखर पैसे भरले आणि थकबाकी उतरली, हे कबूल करायला हवं. औषध लागू पडलं. पण तुमच्या-आमच्या घरी बिल चुकलं तर 1.25 टक्के विलंब आकार त्याच महिन्यात लागतो आणि वीज कायद्याच्या 56 व्या कलमाखाली 15 दिवसांच्या नोटिशीवर तार तोडता येते. 15 दिवस म्हणजे 1440 ब्लॉक. तोपर्यंत कुणी विचारायला येत नाही की बाबा रे, 48 हप्ते करून देऊ का?

दरम्यान, त्या भिशीत फुकट जेवणारेही आहेत. सौर आणि पवन प्रकल्पांना आंतरराज्य पारेषणाचं भाडं माफ करण्याचा निर्णय केंद्रानं घेतला आणि 30 जून 2025 पर्यंत सुरू होणाऱ्यांना पूर्ण माफी दिली. नंतरच्यांना ती दरवर्षी पंचवीस टक्क्यांनी कमी होत जाणारी. राजस्थानातलं ऊन स्वस्तात देशभर पोचावं, हा हेतू उत्तमच. पण मनोरा उभा करणाऱ्याचं कर्ज काही माफ झालेलं नव्हतं. ज्याला माफी, त्याचा हिस्सा बाकीच्यांत वाटला गेला. त्यांनी तो वीज आकाराच्या पोटात ढकलला. आकार आपल्या बिलात, बिल आपल्या हातात.

आणि आता पाव तासाची ती शिस्त घराच्या उंबऱ्यापर्यंत येते आहे. महावितरणच्या नव्या स्मार्ट मीटरवर वेळेनुसार दर लावता येतो. 1 जुलै 2025 पासून घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळात वापरलेल्या विजेवर युनिटला 80 पैसे ते 1 रुपया सवलत मिळते. कारण दुपारी सौर वीज मुबलक असते आणि ती कुणीतरी वापरायला हवी. कल्पना चांगली आहे. फक्त त्या वेळात नवरा ऑफिसात, बायको ऑफिसात, मुलं शाळेत आणि मोलकरीण दुसऱ्या घरी. सवलत घेतो फ्रीज.