आठ कोरचे मास्तर

लग्नसराईत पिशोर, नाचनवेल, करंजखेड, चिंचोली लिंबाजी या टापूत हळदीला ऑर्केस्ट्रा असला, की स्टेजच्या कोपऱ्यात एक गृहस्थ लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेले दिसतात. गायकाचं 'हॅलो, चेक' संपत आलेलं असतं, नवरदेवाचा मामा फर्माइशीची चिठ्ठी घेऊन पायरीवर उभा असतो. की-बोर्ड पुढ्यात असतो, पण बोटं माउसवर. कुठल्यातरी चौकोनातली टिक ठेवावी की काढावी, या विचारात मास्तर गढलेले.

मास्तरांची जात एका लक्षणावरून ओळखता येते: धड चाललेली गोष्ट त्यांना बघवत नाही. काल करंजखेडात लॅपटॉप एकदाही अडखळला नाही, तर मास्तरांना समाधान नाही, संशय. एवढं नीट चाललं म्हणजे यंत्राकडून पुरतं काम घेतलं जात नसणार! मग दुपारच्या झोपेवर पाणी सोडून ते नवा ड्रायव्हर टाकतात, कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून सनईचं प्लगइन घेतात, बफर 512 वरून 64 वर आणतात आणि मल्टीप्रोसेसरच्या चौकोनात टिक मारतात. संध्याकाळी पहिल्याच गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्याला लॅपटॉप मान टाकतो. आता यातला कोणता बदल भोवला? ते शोधण्यासाठी मास्तर आणखी एक बदल करतात.

बफरचा त्यांना फार सोस. आवाजाचे सेकंदाला 44,100 तुकडे पडतात. त्यातले 512 एकदम तयार करायचे तर संगणकाला साडेअकरा मिलिसेकंद मिळतात, 64 करायचे तर जेमतेम दीड. तेवढ्यात काम झालं नाही की 'टर्रर्र'. एवढा जीव टांगणीला लावून मिळतं काय, तर दहा मिलिसेकंदांची चपळाई. स्पीकरपासून चाळीस फुटांवर खुर्ची टाकून बसलेल्या आजोबांपर्यंत आवाज हवेतून पोचायलाच पस्तीसेक मिलिसेकंद लागतात. आजोबांची तक्रार वेगळीच असते, आणि ती जेवणाच्या पंगतीबद्दल असते.

पण मास्तरांचं खरं दुखणं म्हणजे कोर. "आठ कोर आहेत आपल्याकडं, अन् सात नुसते बसू राहिलेत!" टास्क मॅनेजर उघडून ते पुरावा दाखवतात: वापर पंचवीस टक्के. आता हा आकडा म्हणजे आठ जणांची सरासरी. एकटा घामाघूम झालेला त्यात दिसतच नाही. सनईचा आवाज आधी सॅम्पलरमधून निघणार, मग इक्वलायझरमधून जाणार, मग त्याला रिव्हर्ब लागणार. हे काम एकामागूनच एक होतं. पिशोरच्या शिवारात अद्रक काढतात तसंच: खणल्याशिवाय धुता येत नाही आणि धुतल्याशिवाय पोत्यात भरता येत नाही, मग बांधावर आठ मजूर आणून बसवा की ऐंशी. जीन अमडाल यांनी 1967 सालीच हे मांडलं होतं: निम्मं काम असं एका ओळीतलं असेल, तर कितीही प्रोसेसर जोडा, वेग दुपटीपुढं जात नाही. मास्तरांनी त्यावर दुसराच तोडगा काढला. मुख्य सॉफ्टवेअरमध्ये कोर वाटायची टिक मारली, शिवाय सॅम्पलरमध्येही. म्हणजे एकाच शेतात दोन मुकादम, आणि दोघंही त्याच मजुरांना हाका मारतायत.

कोसळण्याचं कारण मात्र बहुधा ती पेनड्राइव्हची सनई. जुनी प्लगइनं एका वेळी एकाच कोरनं हात लावावा, अशा हिशेबानं लिहिलेली असतात. दोन कोर एकाच वेळी मेमरीतल्या त्याच जागी लिहायला गेले की गोंधळ. गंमत अशी की हा गोंधळ दर वेळी होत नाही, वेळ जुळली तरच होतो. तालमीत शंभरदा वाजवा, काही नाही. आणि प्लगइन त्याच प्रोग्रॅमच्या पोटात चालत असेल, तर जाताना सगळा प्रोग्रॅम घेऊन जातं. 2014 साली आलेल्या बिटविग स्टुडिओत प्लगइनं वेगळी बसवायची सोय आहे. एक मेलं तरी बाकीचा बाजा चालू राहतो.

हे सगळं संभाजीनगरला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्यानं समजावलं. "मामा, आधी टिक काढून बघा. मग सनई काढून बघा. एका टायमाला एकच बदल, अन् वहीत लिहून ठेवा." मास्तरांनी वही आणली. पहिल्या पानावर तारीख, गाव आणि खाली सुवाच्य अक्षरात नोंद आहे: 'सगळं बदललं.'

मे महिन्यात आणखी एक अंक असतो. दिवसभर तापलेली हवा, वर स्टेजचे दिवे, आणि लॅपटॉप बंद पेटीच्या झाकणावर. शंभर अंशांच्या आसपास गेला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. मास्तर गायकाचा पंखा उचलून लॅपटॉपकडं फिरवतात. गायक बिचारा घाम पुसत गातो. वायफाय बंद ठेवा, त्याचा ड्रायव्हर मध्येच प्रोसेसरला अडवतो, असंही भाच्यानं बजावलेलं. पण वायफाय बंद केलं तर ऐन कार्यक्रमात नवं प्लगइन कसं उतरवणार?

यात कल्याण झालं ते ऑक्टोपॅडवाल्या पोराचं. लॅपटॉप पडला की ते पोरगं क्षणाचाही खंड न पाडता एकटंच हलगी धरतं. मांडवाला वाटतं, हा बसवलेला तुकडा आहे. मामे-मावसे खवळून नाचतात, नोटा ओवाळून पॅडवर टाकतात. मास्तर पुन्हा चालू होईपर्यंत पोराच्या खिशात बऱ्यापैकी बक्षिसी जमते. एरवी त्या गाण्यावर कुणी हातसुद्धा वर करत नाही.

परवा हिशेबाला बसल्यावर मास्तरांनी त्या बक्षिसीत निम्मा वाटा मागितला.

"काहून?" पोरगं म्हणालं.

"तो ब्रेक कुणाच्या लॅपटॉपनं दिला, सांग की!"