चिंपांझींचं सभागृह, भाव ९९ लाख

ब्रिटिश संसदेचे हिरवे बाक, अध्यक्षांची खुर्ची, सगळं जिथल्या तिथे. फक्त खासदारांच्या जागी चिंपांझी. चित्रकार बँक्सीचं हे चार मीटरहून रुंद तैलचित्र २००९ मध्ये ब्रिस्टलच्या संग्रहालयात लागलं, तेव्हा लोकांनी ते फुकट पाहिलं. पुढे त्यावर पुन्हा कुंचला फिरला, एका चिंपांझीच्या हातातलं वर रोखलेलं केळं खाली वळलं आणि चित्राला ‘डिव्हॉल्व्ह्ड पार्लमेंट’ असं नवं नाव मिळालं.

३ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनमध्ये सदबीजने ते लिलावात पुकारलं. मुहूर्त कुणा निष्णात ज्योतिषाने काढावा असा! ब्रेक्झिटची तारीख महिनाअखेरीची, आणि संसद स्थगित करण्याचा बोरिस जॉन्सन सरकारचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नुकताच रद्द ठरवलेला. अंदाज होता १५ ते २० लाख पौंडांचा. शुल्कासह किंमत गेली सुमारे ९९ लाखांवर. बोली तेरा मिनिटं चालली. खऱ्या सभागृहाला ब्रेक्झिटवर तीन वर्षांत निकाल लावता आला नव्हता.

आदल्याच वर्षी याच संस्थेत बँक्सीचं एक चित्र हातोडा पडताच चौकटीतल्या यंत्राने अर्धं कातरलं होतं. या खेपेला कॅनव्हास शाबूत राहिला.

हे चित्र आता आपल्या मालकीचं नाही, अशी हळहळ बँक्सीने इन्स्टाग्रामवर व्यक्त केली. हळहळ रास्तच होती. सौदा कितीही मोठा असो, तेव्हाच्या ब्रिटिश कायद्यानुसार पुनर्विक्रीत चित्रकाराचा हक्काचा वाटा १२,५०० युरोंवर थांबायचा. विकणाऱ्याला अशी मर्यादा नव्हती.