गरीब असल्याचा पुरावा आणा

घरकुल मिळवायला माणूस बेघर असावा लागतो, असा एक भोळा समज राधानगरी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर अजून आहे. घरकुलाला बेघर नव्हे, पात्र माणूस लागतो. पक्के घर नसणे ही त्यातली किरकोळ अट. आणखी काय काय नसावे, ती यादी मोठी.

२०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली तेव्हा या यादीत मोटारसायकल होती, फ्रीज होता, लँडलाइन फोनही होता. घाटमाथ्यावरच्या वाडीत आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला ठेवलेली फटफटी दारात दिसली, की मालक सरकारदरबारी सधन. २०२४ मध्ये ही कलमे गळाली. महिन्याच्या कमाईची मर्यादाही १० हजारांवरून १५ हजारांवर गेली. फटफटी म्हणजे श्रीमंती नव्हे, हे दिल्लीला आठ वर्षांत पटले. सरकारी चालीने पाहिले तर हे घाईतच म्हणायचे.

श्रीमंती पकडायला जमीन मात्र यादीत आहेच. बागायत अडीच एकर किंवा कोरडवाहू पाच एकर असेल, तर घरकुल विसरायचे. मग ग्रामपंचायतीत असा संवाद होतो :

"आण्णा, तुमच्या नावावर पाच एकर आहे."

"व्हय भाऊसाहेब, पर निम्मा कातळच हाय. उरल्यात नाचणी लावली तर गवं खाऊन जात्यात."

"सातबाऱ्यावर गव्यांची नोंद नाही."

भाऊसाहेबांचे चुकले नाही. दाजीपूरच्या अभयारण्यात गव्यांना राहायला हक्काची जागा आहे आणि चरायला आण्णांचे शेत. या दोघांत पात्र लाभार्थी कोण, हे एकट्या आण्णांना कळत नाही.

आता शेजारच्या धनगरवाड्यावर चला. तिथल्या माणसाकडे पाच एकर नाही, पाच गुंठेही नाही. तो पात्र! पण घर बांधणार कुठे? पायाखालची जमीन वनखात्याची. जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेत एक लाखापर्यंत मदत आहे. विकणारा तेवढा स्वतः शोधायचा. थोडक्यात, जमीन आहे त्याला घर नाही आणि घर मंजूर आहे त्याला जमीन नाही. समतेचे याहून चोख दर्शन कुठे होणार?

कर्जाचे गणित त्याहून सुरेख. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५० हजार किंवा त्याहून जास्त असेल, तर माणूस अपात्र. बँकेने विश्वास टाकला, की सरकारचा उडतो. आणि पात्र ठरलेल्याला घर पुरे करायला ७० हजारांपर्यंत कर्ज मिळवून देण्याची सोय याच आवास योजनेत आहे. तो बँकेत गेला, की साहेब विचारतात, "तारण काय?" तारण असते तर तो यादीत कशाला आला असता? घरकुलापुरते गरीब आणि कर्जापुरते श्रीमंत, असे एकाच माणसाला एकाच आठवड्यात व्हावे लागते.

अनुदान सपाटीला १ लाख २० हजार, डोंगराळ आणि दुर्गम भागाला १ लाख ३० हजार. सिमेंट, सळी, वाळू घाट चढवायची किंमत शासनाने दहा हजार धरली आहे. त्या पैशांत किमान २५ चौरस मीटर घर उभे करायचे, स्वयंपाकाच्या जागेसकट. जोत्याचा फोटो, लिंटलचा फोटो, छताचा फोटो. फोटो चढला तर पुढचा हप्ता. म्हणजे भिंत आधी, पैसे मागून. जूनमध्ये राधानगरीचा पाऊस लागला, की कामही थांबते आणि फोटोही. घरबसल्या स्वतःची नोंद करायला आवास प्लस नावाचे ॲप आहे, त्यात चेहऱ्याची पडताळणी होते. चेहरा सगळ्यांकडे आहे. रेंज टेकडीवर आहे. टेकडीवर गवे आहेत.

याच तालुक्यात शाहू महाराजांच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी पातळीला आले, की दार आपोआप उघडते. अर्ज नको, हमीपत्र नको, कुणाची शिफारस नको. गरज वाढली की दार उघडावे, हे तंत्र पाटबंधारे खात्याबाहेर गेले नाही.

तेव्हा साहेबांना एकच विनंती. निकष ठेवा, यादी ठेवा, ॲपही ठेवा. फक्त पाहणी मार्चच्या उन्हात करू नका, जुलैत करा. एक रात्र अर्जदाराच्या गळक्या कौलांखाली काढा आणि सकाळी, कपडे वाळायच्या आत, पात्र-अपात्रचा शेरा मारा.