पॅसेजमधील संस्थान

ज्या गृहस्थास महानगरात साडेचारशे-पाचशे चौरस फुटांची सदनिका लाभली आहे, त्याच्या मालमत्तेत दिवाणखाना, शयनगृह आणि स्वयंपाकघर या मान्यताप्राप्त प्रांतांखेरीज आणखी एक मुलूख असतो, की ज्याचे वर्णन बिल्डरच्या गुळगुळीत पुस्तिकेत सहसा आढळत नाही, परंतु ज्याचे मोल मात्र खरेदीखतात पै-पैने वसूल झालेले असते. त्यास पॅसेज म्हणतात. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट क्षेत्राची व्याख्या करताना बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळली. पण एका खोलीतून दुसरीत जाण्याचा हा बोळ, एवढेच नव्हे तर आतल्या भिंतींची जाडीसुद्धा, हिशेबात कायम ठेवली. तेव्हा चौरस फुटाला २० हजार रुपये भाव धरला, तर नऊ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद अशा पॅसेजमध्ये सहा लाखांहून अधिक रक्कम केवळ ये-जा करण्यापोटी अडकून पडते. एवढ्या मोलाची जमीन पडीक ठेवणे मध्यमवर्गीय विवेकबुद्धीस पटणे शक्य नाही, आणि म्हणूनच तेथे मॉड्यूलर वॉर्डरोब बसवावा ही तजवीज प्रत्येक कुटुंबात केव्हा ना केव्हा मांडली जातेच.

तजवीज मांडली जाण्याचा अवकाश, की हक्कदार उभे राहतात. गृहिणीस साड्यांसाठी वरचे चार खण हवे असतात. चिरंजीवांना बुटांसाठी खालचा सबंध मजला. आणि आजोबांना गेल्या तीस वर्षांच्या वीजबिलांचे दप्तर, जे त्यांच्या मते एखाद्या दिवशी कोर्टात उपयोगी पडणार आहे, कुलपाच्या खणात ठेवावयाचे असते. आजी गौरींच्या मुखवट्यांपुरती जागा मिळावी एवढीच अर्जी करतात, आणि ती अर्जी कोणी नामंजूर करत नाही, कारण ती कोणी ऐकलेलीच नसते.

यानंतर कंपनीचा प्रतिनिधी मोजणीसाठी येतो. हा तरुण विनयशील असतो, आणि त्याच्याजवळ टेपाऐवजी लेसरची डबी असते. ती भिंतीस टेकवताच असे निष्पन्न होते की पॅसेज जमिनीपाशी साडेतीन फूट आहे, पण छताजवळ पाऊण इंचाने कमी आहे. म्हणजे ज्या भिंतीच्या सरळपणावर विसंबून आपण दहा वर्षे निर्धास्त झोपलो, तिने ओळंबा कधी पाहिलेलाच नव्हता. शिवाय नेमक्या त्याच भिंतीवर विजेच्या एमसीबीची पेटी आहे, न्हाणीघराचे दार त्याच बाजूस उघडते, आणि बिल्डरने टाइल्सची पट्टी भिंतीबाहेर अर्धा इंच काढून ठेवली आहे. प्रतिनिधी या सर्वांची नोंद करतो आणि मग खऱ्या प्रश्नाकडे वळतो.

"काका, लाँग हँगिंग किती लागेल?"

"म्हणजे?"

"कोट, ब्लेझर, गाऊन वगैरे."

"कोट एक आहे. लग्नातला."

"मग तीन फूट धरतो," असे म्हणून तो तीन फूट लिहून घेतो.

येथे या शास्त्राचे मूलतत्त्व ध्यानी घेणे इष्ट आहे. मॉड्यूलर म्हणजे आपल्या गरजेनुसार रचता येणारे, अशी जाहिरातीची ग्वाही असते, आणि ती खोटी नसते. फक्त रचावयाचे तुकडे कंपनीच्या मापाचे असतात. आयकिया या स्वीडिश कंपनीच्या कपाटाचे सांगाडे ५०, ७५ आणि १०० सेंटीमीटर रुंदीचे मिळतात. नऊ फुटांतून न्हाणीघराचे दार वजा जाता उरलेली सात फूट भिंत, म्हणजे सुमारे २१३ सेंटीमीटर, या परिमाणांनी भरू गेल्यास दोनशेवर गाडी थांबते आणि तेरा सेंटीमीटर शिल्लक राहतात. याच कंपनीविषयी अशी हकीकत सांगतात, की १९५० च्या दशकात तिच्या एका नोकराला मोटारीत मेज मावेना, म्हणून त्याने मेजाचे पाय काढले, आणि त्यातून सुटे सामान चपट्या खोक्यांत भरून विकण्याचा अवघा व्यापार उभा राहिला. तेथे निदान पाय मेजाचे काढले गेले. आपल्याकडे उरलेल्या तेरा सेंटीमीटरांवर कोणतीही कंपनी 'फिलर' नावाची एक फळी ठोकते, जिच्यामागे काहीही नसते आणि जिचा आकार चौरस फुटाच्या दरानेच पडतो. घरात जागा नाही म्हणून कपाट करावे, आणि कपाटात जागा नसलेल्या जागेचे पैसे भरावेत, असा हा व्यवहार आहे.

परंतु रुंदीचा प्रश्न क्षुल्लक वाटावा असा पेच कपाटाच्या खोलीत आहे. प्रचलित वॉर्डरोब दारांसह साधारण दोन फूट खोल असतो, आणि तो तेवढा असण्याचे कारण कोट अडकवण्याचा हँगर. हँगर आडवा सतरा-अठरा इंच, त्यावर कोटाचे खांदे व बाह्या, आणि भोवती हवा खेळण्यास थोडी मोकळीक, अशी ही दोन फुटांची बेरीज युरोपातील थंडीने ठरवून दिलेली आहे. साडेतीन फुटांच्या पॅसेजमधून हे दोन फूट गेले, की मनुष्यास अठरा इंच उरतात. आता ५० सेंटीमीटरच्या खणाचे एकेरी दार जवळजवळ वीस इंचांचे. ते अठरा इंचांच्या मोकळीकीत उघडू गेल्यास काटकोन होण्यापूर्वीच समोरच्या भिंतीला मस्तक टेकवते, आणि ते उघडणारा इसम दाराच्या अलीकडे, न्हाणीघरातून बाहेर पडू पाहणारा इसम दाराच्या पलीकडे, असा बंदोबस्त आपोआप होतो. सरकती दारे सुचवली जातात, आणि ती दिसतातही झोकदार. पण रुळांसाठी ती आणखी दोन-तीन इंच भूमी जप्त करतात, आणि एका वेळी अर्धेच कपाट उघडे ठेवण्याची परवानगी देतात, तेही बहुधा ज्यात आपली वस्तू नाही ते.

आता मराठी घरातल्या कपड्यांकडे पाहावे. आपल्याकडे टांगले जाते थोडे. घडी घालून ठेवले जाते ते फार. साडीची घडी, धोतरजोडी, चादरी, बेडशीटच्या जोड्या, मलमलीत गुंडाळलेली पैठणी, यांतल्या कोणासही दोन फूट खोलीची गरज नाही. चौदा ते सोळा इंचांच्या फळीवर ही मंडळी सुखाने नांदतात, आणि मागचे आठ इंच मिळाले तर ते अशा वस्तूंनी भरतात की ज्या पुढच्या दिवाळीपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडू नयेत. लग्नातला तो एकुलता कोट टांगावयाचाच असेल तर पुढच्या बाजूस बाहेर ओढता येणारी दांडी मिळते, तीवर तो दर्शनी भागाकडे तोंड करून उभा राहतो आणि सोळा इंचांत मावतो. परंतु प्रतिनिधीच्या संगणकावरील त्रिमिती चित्रात यांपैकी काहीच नसते. तेथे पॅसेज विमानतळासारखा उजळलेला असतो, कपाटात पाच पांढरे सदरे वीतवीत अंतर राखून टांगलेले असतात, आणि खालच्या खणात एक वेताची टोपली, रिकामी. मिक्सरचे वॉरंटीसाठी जपलेले खोके, गणपतीचे मखर, दोन आकाशकंदील आणि पिशव्यांनी भरलेली पिशवी यांना त्या चित्रात प्रवेश नाही. चित्रातले ते कुटुंब कोठे राहते याचा पत्ता मिळाल्यास आपण त्यांच्याकडे आपले खोके ठेवावयास पाठवू.

आपल्या वाड्यांतील फडताळ या बाबतीत कितीतरी शहाणे होते. ते भिंतीच्या जाडीतच कोरलेले असल्यामुळे वाटसराच्या हद्दीत एक बोटही पुढे येत नसे. अर्थात त्या भिंती दीड-दोन हात जाड होत्या. आजच्या चार-सहा इंची भिंतीत, त्यातून ती सरसकट काँक्रीटची असेल तर, खिळा ठोकण्यासही सोसायटीच्या चिटणिसाची संमती आणि ड्रिल मशिन लागते. तेव्हा तो मार्ग बंद आहे.

तात्पर्य पाहू न जाता निवाडा देतो. साडेतीन फुटी पॅसेजमध्ये कपाट करावयाचेच असेल तर ते सोळा इंचांहून खोल करू नये. दारे एक-एक फुटाची अरुंद करावी. एमसीबीच्या पेटीसमोरच्या खणाला पाठ लावू नये आणि त्यात काही ठेवूही नये, कारण खटका पडतो तो नेमका अंधारात. आणि न्हाणीघराशेजारी भुश्याच्या दाबीव बोर्डाचे खण कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत, आयएस ७१० चा शिक्का असलेले मरीन प्लाय घ्यावे, कारण ओल्या पायांनी येणारे पाणी खालची फळी पहिल्याच पावसाळ्यात फुगवते. कंपनीचा प्रतिनिधी हे सोळा इंच ऐकून खेदपूर्वक सांगेल की असे माप सिस्टिममध्ये बसत नाही. त्याला चहा द्यावा, आणि तो लिफ्टमध्ये शिरला की सुतारास फोन करावा.