आधी मुहूर्त, मग कथा

कार्यालय ठरवून, पत्रिका छापून मग मुलगी बघायला निघावं, तसा ‘एलियन ३’ हा चित्रपट जन्मला. १९८६च्या ‘एलियन्स’ने गल्ला भरला, तेव्हाच तिसरा भाग काढायचं ठरलं, त्यात काय दाखवायचं एवढाच किरकोळ प्रश्न उरला. विल्यम गिब्सनकडून पटकथा लिहून घेतली आणि बाजूला ठेवली. मग आणखी लेखक, आणखी मसुदे. दिग्दर्शक रेनी हार्लिन वैतागून निघून गेला. त्याच्या जागी व्हिन्सेंट वॉर्ड लाकडाचा ग्रह आणि त्यावरचे मठवासी घेऊन आला. स्टुडिओने वॉर्डला घालवलं, लाकूड काढलं, मठाचा तुरुंग केला. कैद्यांची भाविकता मात्र राहू दिली. (काटकसर म्हणायची!) शेवटी एकही चित्रपट न केलेला, जाहिराती आणि म्युझिक व्हिडिओवाला डेव्हिड फिंचर सापडला. सेट उभे होते, पटकथा अजून बसलेली होती. दरम्यान स्टुडिओच्या जाहिरातवाल्यांनी चित्रपटातला परग्रही राक्षस पृथ्वीवर येणार अशी दवंडी पिटली. १९९२मध्ये आलेल्या चित्रपटात तो पृथ्वीकडे फिरकलाच नाही. फिंचरने पुढे या अपत्याला आपलं म्हणायचंच सोडलं. श्रेयनामावलीत कथाकार म्हणून नाव आहे ते हाकललेल्या वॉर्डचं.